हवाई कसरतींसाठी आकाश बंद होतं, तेव्हा विमानतळावर नेमकं काय चालतं?

टॉवरकॅब

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. त्याचं विमान दीड तास उशिरा सुटलं, कारण विमानतळाजवळ हवाई कसरतींचा सराव होता. चिडून म्हणाला, "मामा, नऊ विमानं धूर सोडत फिरणार म्हणून हजारो माणसांनी खोळंबायचं?" मी त्याला फोनवर काहीबाही सांगितलं, पण ते माझं मलाच अपुरं वाटलं. मी २६ वर्षं एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात काढली, त्यातली बरीचशी अप्रोचच्या, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांना वाट दाखवणाऱ्या रडारवर, आणि अशा सात-आठ कार्यक्रमांच्या वेळी ड्यूटीवर होतो. म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी किती जागा लागते ते बघू. अमेरिकेच्या नियमांत हवाई कसरतींसाठी साधारणपणे ५ सागरी मैलांची त्रिज्या आणि वेगवान विमानं असतील तर समुद्रसपाटीपासून १७,००० फुटांपर्यंतची उंची सांगितली आहे. गरजेपेक्षा जास्त जागा अडवू नये, असंही त्याच नियमात आहे. म्हणजे हवेत उभं केलेलं एक पिंप समजा. ५ सागरी मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. आता हेच पिंप पॅरिसला नेऊन ठेवा. विषम वर्षांच्या जूनमध्ये जिथे एअर शो भरतो ते ल बुर्जे आणि शार्ल द गोल विमानतळ यांच्यात सरळ रेषेत जेमतेम तेवढंच अंतर आहे. बंगळुरूत एरो इंडिया भरतो तो येलहंकाचा हवाई दलाचा तळ केंपेगौडा विमानतळापासून बारा-तेरा किलोमीटरवर. सिंगापूरचं चांगी एक्झिबिशन सेंटर तर विमानतळाला लागूनच. पुस्तकातलं गोल पिंप अशा ठिकाणी बसतच नाही. त्याची एक बाजू कापावी लागते, उंचीचे टप्पे पाडावे लागतात, नाहीतर सरळ ठरावीक वेळासाठी विमानतळ बंद करावा लागतो.

हा काप कुठे घ्यायचा यावर आमच्या बैठका महिनोन्‌महिने चालायच्या. प्रवासी विमानांचे उतरण्या-चढण्याचे मार्ग पिंपाबाहेरून जातात का, एवढंच बघून भागत नाही. उतरायला आलेलं विमान शेवटच्या क्षणी गो-अराउंड करून पुन्हा वर उठलं, तर ते कुठे जाईल? ती वाट पिंपातून जात असेल, तर प्रत्येक उतरणाऱ्या विमानासाठी तुम्ही डिस्प्लेच्या, म्हणजे कसरतींच्या, लीडरला ताटकळत ठेवणार, किंवा गो-अराउंडची वाट आधीच बदलून सगळ्या वैमानिकांना कळवणार. तिसरा मार्ग नाही.

दुसरी गोष्ट टीकॅसची, म्हणजे टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेची. प्रवासी विमानातली ही यंत्रणा समोरच्या विमानाचा वर चढण्याचा वेग बघून पुढचं गणित करते. कसरती करणारं लढाऊ विमान सरळ उभं वर जातं. ते कुठे थांबणार हे वैमानिकाला माहीत असतं, टीकॅसला माहीत नसतं. पिंपाच्या झाकणापासून हजार फूट वरून शांतपणे जाणाऱ्या प्रवासी विमानाला एकदम "वर चढा" असा आदेश मिळू शकतो, आणि तो आदेश वैमानिकाला पाळावाच लागतो, कंट्रोलर काहीही सांगत असला तरी. म्हणून झाकणाच्या वर आणखी एक मोकळा थर राखून ठेवतो. प्रवाशाला तो थर वाया गेलेला वाटतो, पण मी त्यातला एक फूटही कमी करू दिला नसता.

अंकगणित

उत्तम लेख, वाचतोय. एक शंका. दीड तास आकाश बंद राहिलं तर उशीर दीड तासाचाच व्हायला हवा ना? मग संध्याकाळपर्यंत विमानं उशिरा का असतात?

टॉवरकॅब

खरी मेख तुम्ही अचूक पकडलीत. एक काल्पनिक धावपट्टी घ्या. तिच्यावर तासाला ४० विमानं चढू-उतरू शकतात आणि वेळापत्रकात तासाला ३४ आहेत. दीड तास बंद म्हणजे ५१ विमानं तुंबली. उघडल्यावर तासाला ३४ नवी येतच राहतात, म्हणजे तुंबलेल्यांसाठी तासाला ६ जागा उरतात. ५१ भागिले ६, साडेआठ तास! दुपारी बारा वाजता आकाश उघडलं तर रात्री साडेआठला घडी बसते. धावपट्टी जितकी भरलेली, तितका हा आकडा वाईट होत जातो. तासाला ३८ विमानं असती तर दिवस पुरला नसता.

म्हणून शहाणे विमानतळ त्या दिवसांसाठी वेळापत्रकच पातळ करतात. वरच्या उदाहरणात २० उड्डाणं आधीच हलवली, तर तुंबलेली ३१ उरतात आणि पाच तासांत निस्तरतात. यासाठी विमान कंपन्यांना वेळा खूप आधी कळायला हव्यात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अशा तात्पुरत्या बंदीचा नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) किमान ७ दिवस आधी निघाला पाहिजे. पण ७ दिवस ही वैमानिकांसाठीची मुदत झाली. तिकिटं विकून बसलेल्या कंपनीला ७ दिवसांत काही करता येत नाही, तिला महिने लागतात.

आता उलट बाजू बघा. त्याच उदाहरणात, २० उड्डाणं न हलवता, डिस्प्ले पंधरा मिनिटं लवकर संपला आणि आकाश तेव्हाच परत मिळालं, तर तुंबलेली विमानं ४२-४३ होतात आणि घडी सात तासांत बसते. पंधरा मिनिटांच्या बदल्यात जवळजवळ दीड तास. ही देवाणघेवाण मी प्रत्येक बैठकीत फळ्यावर लिहून दाखवायचो.

डिस्पॅच_डेस्क

टॉवरकॅब सर, धागा फार आवडला, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचला, म्हणजे उड्डाणांच्या नियोजनात आहे. आकाश पंधरा मिनिटं लवकर उघडलं हे आम्हाला उघडल्यावर कळतं. तोवर आमच्या प्रत्येक विमानाला निघण्याच्या ठिकाणी स्लॉट, म्हणजे उड्डाणाची ठरवून दिलेली वेळ, मिळालेला असतो, आणि ठरलेल्या वेळेच्या ५ मिनिटं आधी ते १० मिनिटं नंतर, एवढ्याच खिडकीत त्यांना उडता येतं. दोन तासांच्या अंतरावरचं विमान मी मागे जाऊन लवकर कसं उडवू? तुमची ती पंधरा मिनिटं कागदावरच राहतात.

दुसरं, इंधन. बंदीची वेळ पक्की असेल तर मी त्या हिशेबाने इंधन भरते. वेळ "बहुधा" असेल तर प्रत्येक विमानात जास्तीचं घालावं लागतं. लहान जेट घिरट्या घालताना मिनिटाला साधारण ४० किलो इंधन खातं. वीस मिनिटांची शंका म्हणजे ८०० किलो, आणि ते वजन वाहून नेण्यासाठी वर आणखी इंधन. मला लवकर उघडणारं आकाश नको, सांगितलेल्या वेळेला उघडणारं हवं आहे.

टॉवरकॅब

ताई, तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. दूरवरच्या विमानांना त्या पंधरा मिनिटांचा उपयोग नाही. पण उडायला तयार उभी असलेली विमानं? दीड तास एकही उड्डाण झालेलं नसतं, त्यामुळे पार्किंग बे भरलेले असतात. आकाश उघडताच आधी उतरणारी घेतली, तर ती उतरून टॅक्सीवेवर उभी राहतात, कारण बे रिकामेच नाहीत. हा घोळ मी पाहिला आहे, एकदा तर तासभर. म्हणून उघडल्यावर पहिली दहा-बारा मिनिटं उड्डाणांचं प्रमाण जास्त ठेवायचं, बे मोकळे करायचे, आणि मग उतरणाऱ्यांची रांग आत ओढायची. लवकर मिळालेली पंधरा मिनिटं नेमकी इथे कामाला येतात.

अट एकच, वीस मिनिटं आधी सूचना हवी. पुशबॅक (विमान जागेवरून मागे ढकलणं), इंजिन सुरू करणं, धावपट्टीच्या तोंडाशी येणं, याला तेवढा वेळ लागतो. "संपलं" असा फोन येऊन काही होत नाही. "शेवटची दोन प्रात्यक्षिकं उरलीत" असा फोन आला की कामाला लागता येतं.

इंधनाबद्दल तुमचं बरोबर आहे. छापलेली वेळ हे वचन आहे. ते लांबवायचं नाही, कोणत्याही पाहुण्यासाठी नाही.

धुराची_रेघ

मी लहानपणापासून एअर शो बघत आलो आहे, जमेल तिथे प्रवास करून जातो. इथे सगळे प्रवाशांच्या बाजूने बोलत आहेत म्हणून लिहितो. त्या वैमानिकांनी वर्षभर सराव केलेला असतो, आणि अंतर काही फुटांचं. कंट्रोलरने मध्येच "दोन मिनिटं थांबा" सांगितलं की त्यांची लय तुटते, इंधनाचं गणित बिघडतं. त्यांना स्वच्छ, न तुटणारी वेळ देणं ही सुरक्षिततेचीच गोष्ट नाही का? आणि एवढा त्रास असेल तर गर्दीच्या विमानतळांपासून दूर, समुद्रकिनाऱ्यावर का घेत नाहीत?

टॉवरकॅब

घेतात, आणि जिथे जमतं तिथे तेच उत्तम. पण एअर शोला विमानं जवळून बघायची असतात, लढाऊ विमानांना लांब धावपट्टी लागते, देखभालीची माणसं लागतात. ते सगळं असलेली जागा बहुतेक वेळा मोठ्या शहराजवळच सापडते.

लय तुटण्याबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. डिस्प्ले सुरू झाला की आम्ही त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर एक शब्दही बोलत नसू. बोलायचं ते कसरतींची सूत्रं सांभाळणाऱ्या डिस्प्ले डायरेक्टरशी, जमिनीवरून, वेगळ्या थेट लाइनवर. त्यांना थांबवण्याची कारणं आधीच लिहून ठेवलेली असतात: आणीबाणीतलं विमान, रुग्ण घेऊन येणारं हेलिकॉप्टर, हद्दीत घुसलेलं अनोळखी विमान. उशीर हे कारण त्या यादीत कधीच नसतं आणि नसावं.

आणखी एक गोष्ट तुमच्यासारख्या रसिकाला माहीत असेल. ढग खाली असतील तर संघ मोठ्या उभ्या गिरक्या सोडून देतो आणि सपाट कार्यक्रम करतो. तो निर्णय अगदी शेवटी होतो. पण तो झाला की वरची सगळी उंची रिकामी पडून असते! "आज सपाट" एवढा निरोप आला की झाकण खाली ओढता येतं आणि वरून जाणाऱ्या विमानांना सरळ वाट मिळते. हा निरोप द्यायचा असतो हे कित्येकांच्या ध्यानातच येत नाही.

सेसना_दीडशेबावन्न

छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या वतीने लिहितो. आमची चूक झाली तर काय होतं ते मी स्वतः अनुभवलं आहे. काही वर्षांपूर्वी मी नोटॅम वाचला होता, वेळ वहीत लिहूनही घेतली होती, पण यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळेचं) स्थानिक वेळेत रूपांतर करताना तासाचा घोटाळा केला. मी हद्दीच्या कडेने आत गेलो. डिस्प्ले थांबवावा लागला. मला रेडिओवर वळायला सांगितलं त्या आवाजात राग अजिबात नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून दोन्ही वेळा शेजारी-शेजारी लिहितो आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतो.

नवीन मंडळींसाठी एक उदाहरण. दिल्लीत २०२५ साली प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने १९ ते २६ जानेवारी सकाळी १०:२० ते १२:४५ विमानतळावरची ये-जा बंद होती. यूटीसीत हीच वेळ ०४:५० ते ०७:१५ होते. कागदावरचं ०४५० बघून "पहाटेचं आहे, आपला काय संबंध" असं वाटायला क्षणही लागत नाही.

खिडकीची_सीट

मी निव्वळ प्रवासी. त्या जानेवारीच्या वेळा वाचून प्रश्न पडला. दिल्लीत तेव्हा सकाळी धुकं असतं. म्हणजे धुकं निवळतं न निवळतं तोच बंदी?

टॉवरकॅब

होय. धुक्याच्या दिवशी सकाळची विमानं आधीच मागे पडलेली असतात आणि धुकं उठेपर्यंत बंदीची वेळ येते. दोन तुंबवण्या एकावर एक. वर अंकगणित यांना सांगितलेला हिशेब तिथे ५१ पासून सुरू होत नाही, सकाळचं थकलेलं आधी त्यात मिळवावं लागतं. अशा दिवशी फ्लो मॅनेजमेंटवाले दूरच्या विमानतळांवरच विमानं रोखून धरतात. प्रवाशाला वाटतं, आपल्या शहरात तर लख्ख ऊन आहे, मग थांबवलं का? जमिनीवर थांबलेलं विमान इंधन जाळत नाही, म्हणून. हवेत दहा मिनिटांची घिरटी आणि जमिनीवर अर्धा तास यात मी जमिनीवरचा अर्धा तास निवडेन.

तरी सगळ्यांना जमिनीवर धरायचं नसतं. आकाश उघडतं त्या पहिल्या मिनिटाला धावपट्टी रिकामी राहिली तर ते पाप आहे. चार-पाच विमानं वेळेवर जवळ येऊन घिरट्या घालत असावीत, आणि ठरलेल्या वेळेनंतर आणखी वीस मिनिटं थांबता येईल एवढं इंधन त्यांच्याकडे असावं. राखीव अर्ध्या तासाच्या इंधनाला हात लावायचा नाही, हे धरून.

धुराची_रेघ

ओशकोशबद्दल कुणी लिहा ना. तिथे तर हजारो विमानं येतात आणि एअर शोही तिथेच होतो.

सेसना_दीडशेबावन्न

जायचं स्वप्न आहे, त्यामुळे वाचून पाठ झालं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये दर जुलैत. साधारण १०,००० विमानं त्या परिसरात उतरतात आणि त्या आठवड्यात तिथला टॉवर जगातला सर्वांत व्यग्र असतो. फिस्क नावाच्या छोट्या गावापाशी कंट्रोलर जमिनीवर उभे राहून, डोळ्यांनी बघून विमानं ओळखतात. वैमानिकाने १,८०० फुटांवर, ९० नॉट्सने, एकामागे एक यायचं. रेडिओवर उत्तर द्यायचं नाही, पंख हलवून "कळलं" सांगायचं. धावपट्टीवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात, "हिरव्या ठिपक्यावर उतरा" म्हटलं की तिथेच. त्यामुळे एकाच धावपट्टीवर एकापाठोपाठ दोन-तीन विमानं टेकतात. आणि दुपारी एअर शोच्या वेळी विमानतळ ये-जा करणाऱ्यांसाठी बंद. दिवसाचा एक तुकडा कसरतींचा, बाकीचा येणाऱ्यांचा.

टॉवरकॅब

छान लिहिलंत. ओशकोशला हे साधतं कारण येणारा प्रत्येक जण त्या कार्यक्रमासाठीच येत असतो, तिथले नियम सांगणारी पुस्तिका वाचून आलेला असतो. गर्दीच्या प्रवासी विमानतळावर तीच शिस्त अपेक्षित धरता येत नाही.

आता एक गोष्ट, जी मला मनापासून सांगायची आहे. पूर्ण डिस्प्लेपेक्षा मला फ्लायपास्टची काळजी जास्त वाटते. डिस्प्लेला पिंप असतं, वेळ असते, डायरेक्टर असतो. फ्लायपास्ट म्हणजे एकदाच वरून जाणं. मिनिटभराचं काम, म्हणून तयारीही तेवढीच होते. २८ मार्च २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये अर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीवरून मानवंदना द्यायला चार टी-३८ विमानं येत होती. त्याच वेळी शेजारच्या रेगन विमानतळावरून डेल्टाचं एअरबस ए-३१९ उडालं आणि त्याला टीकॅसचा इशारा मिळाला. १८ जुलै २०२५ ला नॉर्थ डकोटात मायनॉटला बी-५२ बॉम्बर विमान जत्रेवरून फ्लायपास्ट करून जात होतं, आणि उतरायला आलेल्या प्रवासी जेटच्या वैमानिकाला ते समोर बघून जोरात वळावं लागलं. मायनॉटच्या टॉवरला रडार नव्हतं. दोन्ही वेळी माणसं सुखरूप राहिली. दोन्हींत मला एकच प्रश्न पडतो: त्या मिनिटाची मालकी कुणाकडे होती? एका मिनिटासाठी का होईना, ती हवा कुणीतरी मागून घेतली पाहिजे, कुणीतरी दिली पाहिजे आणि कुणीतरी परत घेतली पाहिजे.

डिस्पॅच_डेस्क

हे पटलं. आणि कार्यक्रमातलं विमानच धावपट्टीवर अडकलं तर?

टॉवरकॅब

६ फेब्रुवारी २०१८, सिंगापूर. दक्षिण कोरियाच्या ब्लॅक ईगल्स संघाचं टी-५० विमान चांगीवर उड्डाण करताना धावपट्टीवरून घसरलं आणि पेटलं. आग विझवली, वैमानिक वाचला, पण ती धावपट्टी बंद ठेवावी लागली आणि प्रवासी विमानांना उशीर झाला. ही शक्यता गृहीत धरूनच योजना करायची असते. बंदीची वेळ संपेल आणि धावपट्टी उघडणार नाही, तेव्हा घिरट्या घालणारी ती चार-पाच विमानं कोणत्या पर्यायी विमानतळावर जाणार, तिथे बे रिकामे आहेत का, हे सकाळीच फोन करून विचारायचं. दुपारी विचारलं तर सगळे एकाच विमानतळाला विचारत असतात.

खिडकीची_सीट

वर तुम्ही म्हणालात, हवा मागायची, द्यायची, परत घ्यायची. परत घेताना नेमकं काय बोलतात? मला ते दृश्य डोळ्यांसमोर आणायचं आहे.

टॉवरकॅब

फार थोडं बोलतात. डिस्प्ले डायरेक्टरच्या शेजारी आमचा एक कंट्रोलर बसवलेला असायचा, कानाला टॉवरची लाइन. दोन प्रात्यक्षिकं उरली की तो सांगे, "वीस मिनिटं." मग इथे पुशबॅक सुरू. शेवटचा संघ खाली येऊ लागला की तो बोलणं थांबवून मोजायला लागे. तुकडीत बहुतेक वेळा फक्त लीडरचा ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) चालू असतो, त्यामुळे आमच्या रडारवर नऊ विमानं एकाच ठिपक्यात दिसतात. म्हणून रडारवर भरवसा ठेवायचा नाही, डोळ्यांनी मोजायचं. त्यात एकदा आठच भरली. नववं विमान खिडकीच्या खांबाआड होतं, पण ते दिसेपर्यंत त्याने "मोकळं" म्हटलं नाही, आणि धावपट्टीच्या तोंडाशी इंजिनं चालू ठेवून उभ्या असलेल्या सहा विमानांना मी तोवर हलू दिलं नाही. चाळीसेक सेकंद गेले असतील. मग लाइनवर आवाज आला, "नऊ वर गेली, नऊ खाली, हद्द तुमची." मी तेच शब्द परत म्हटले, वहीत वेळ लिहिली आणि पहिल्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली.